चार परस पाणी

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मुलीचा फोन आला. ती पुण्यात असते. दर रविवारी फोन करते, पण नऊनंतर, आणि चार मिनिटांत ठेवते. रक्तदाबाची गोळी, स्वयंपाकाच्या बाई आणि जळगावची थंडी, एवढे आमचे विषय. सात वाजताचा फोन मी उभ्यानेच घेतला.

"नाना, वाईट काही नाही," ती आधीच म्हणाली. "एक काम होतं. वाचायचं."

ती आणि कचेरीतल्या दोघी मैत्रिणी दहा-अकरा दिवसांनी अंदमानला निघणार होत्या. गुरुवारी दुपारी बेटावर पोचायचे, रविवारी सकाळी परतीचे विमान. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरवतात. तिघींपैकी एकीनेही हे पूर्वी केलेले नव्हते. स्कूबा चालवणाऱ्यांनी तीन प्रकार दिले होते, त्यांतला एक निवडून संध्याकाळी सहापर्यंत कळवायचा होता.

"तुम्ही सही करण्याआधी सगळं वाचता," ती म्हणाली. "हे वाचा आणि मी कोणता घेऊ ते सांगा."

"मैत्रिणी काय म्हणतात?"

"त्या म्हणतात तीन नंबर. फोटो चांगले येतात."

"फोटोसाठी बुडायचं आहे का?"

"बघा. म्हणूनच तुम्हाला विचारलं." ती हसली. मग म्हणाली, "आणि शेवटच्या पानावर तब्येतीचे प्रश्न आहेत. एक कानाचा आहे. मी सहावीत असताना माझा डावा कान महिनाभर वाहत होता. ती सर्दीच होती ना?"

"कागद बघून सांगतो," मी म्हणालो.

तो कागद कोठे आहे हे मला माहीत होते. त्यात काय लिहिले आहे हेही माहीत होते.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील कालव्यांवर तेहतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर जळगावला मेहरूणमध्ये हे घर घेतले. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून माझ्याकडे वाचायला कोणी काही दिलेले नव्हते. घरी येणारे कागद म्हणजे वीजबिल आणि लग्नपत्रिका. त्यांत निर्णय घेण्यासारखे काही नसते.

तिने फोनवर पाठवलेल्या पत्रकाची अक्षरे बारीक होती. मी जुनी नोंदवही काढली आणि तिन्ही प्रकार मराठीत उतरवून घेतले.

पहिला किनाऱ्यावरून चालत उतरण्याचा. खोली सहा मीटर, अर्धा तास, एका माणसामागे एक शिक्षक. दुसरा बोटीतून उडी घेण्याचा. खोली बारा मीटर, एकाच सकाळी दोन बुड्या. तिसरा दोन दिवसांचा, तीन बुड्यांचा. त्यातली शेवटची बुडी शनिवारी दुपारी तीनला संपत होती. विमान रविवारी सकाळी साडेसातला. मधले अंतर साडेसोळा तास. त्याच पत्रकात पाचव्या पानावर लिहिले होते की शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसू नये. ज्याने वेळापत्रक केले त्याने पाचवे पान वाचले नव्हते. तिसऱ्यावर मी काट मारली.

पहिला की दुसरा, हे ठरवण्यासाठी नियम वाचू लागलो. पहिला नियम ठळक अक्षरांत होता. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. वर येताना छातीतली हवा फुगते, कोंडून धरली तर फुप्फुस फाटू शकते. सतत श्वास घेत राहावे.

दुसरा नियम असा होता: कानांत दुखू लागल्यास तेथेच थांबावे, खुणेने सांगावे, थोडे वर यावे. नाक दाबून हळू फुंकर मारावी. तरीही दुखले तर बुडी सोडून द्यावी.

हा दुसरा नियम मी चार वेळा वाचला. नंतर पेन खाली ठेवले.

आमचे गाव भडगावजवळ. शेतातल्या विहिरीला कालव्याचा पाझर होता, त्यामुळे मे महिन्यातही पाणी भरपूर असे. आमच्याकडे पोहणे त्या विहिरीतच शिकवीत. पाठीला तेलाचा रिकामा, तोंड झाळून बंद केलेला डबा बांधून पोराला वरून टाकायचे. आठ दिवसांनी डबा काढायचा. हातपाय मारता आले म्हणजे पोहता आले, असे कोणी मानत नसे. तळाला जाऊन मूठभर माती वर आणायची आणि ती काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायची. मग नारळ फोडीत. मी ती माती आठव्या वर्षी आणली होती. माझ्या वडिलांनी मला जे सांगितले तेच मी मुलीला सांगितले. छाती भरून घे. श्वास धर. कान ठणकायला लागले की तळ जवळ आला, असे समज. तेथून परत फिरू नको.

कान हेच आमचे माप होते. दुसरे माप नव्हते.

ती अकरा वर्षांची होती. आमच्या घरात विहिरीत उतरलेली पहिली मुलगी. माझी नेमणूक तेव्हा धुळ्याला होती, सुटीत गावी आलो होतो. ती तीन वेळा खाली गेली आणि तीन वेळा रिकाम्या हाताने वर आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "नाना, कान खूप दुखतो." मी म्हणालो, "म्हणजे तू पोचलीच होतीस. आता परत फिरू नको." चौथ्या वेळी ती माती घेऊन आली. माती माझ्या हातावर ठेवली. तिच्या डाव्या कानातून पाणी येत होते आणि ते पाणी लालसर होते. लोक टाळ्या वाजवीत होते. मी माझ्या रुमालाने तिचा कान पुसला आणि रुमाल खिशात ठेवला.

धुळ्याला परतल्यावर कान वाहू लागला. कानाच्या डॉक्टरांकडे मी तिला एकटाच घेऊन गेलो. त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. पत्नीला इंग्रजी वाचता येत नव्हते. तिने विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "सर्दी आहे. कानात उतरली."

कान वाहू लागला त्याच्या आदल्या दिवशी पत्नीने मुलीला गार पाण्याने डोक्यावरून न्हाऊ घातले होते. तिने ते स्वतःवर घेतले. पुढे मुलगी लग्न होऊन जाईपर्यंत, दर न्हाणाला तिच्या डाव्या कानात तेलाचा बोळा घालण्याचे काम पत्नीने चुकवले नाही. मी ते पाहत असे.

अकराच्या सुमारास गावी चुलतभावाला फोन केला. विहिरीत तेव्हा नेमके किती पाणी होते ते मला हवे होते. आम्ही विहीर मीटरमध्ये मोजत नाही, परसांत मोजतो. परस म्हणजे सुमारे सहा फूट.

"नाना, कसाले इचारी ऱ्हायनात?" तो अहिराणीत म्हणाला. "आते कोन उतरस हिरीमा? बठ्ठा बोअरनं पानी पेतस."

"आत्ताचं नाही. माझ्या पोरीने माती काढली त्या साली किती होतं?"

"चार परस. मीच दोर टाकेल व्हता ना." त्याला जराही आठवावे लागले नाही. "तुमनी पोरनी माटी काढी, बठ्ठा गावले याद शे. का हो, आते ह्या वयमा तुमले उडी मारनी शे का काय?"

"नाही."

"मारा, मारा. डबा मी बांधस पाठले."

त्याला मोठ्याने हसायची सवय आहे. मी फोन ठेवला.

चार परस म्हणजे चोवीस फूट. सव्वासात मीटर. मी आकडा दोनदा तपासला. पत्रकातली नवख्या माणसाची सर्वांत उथळ बुडी सहा मीटरांची होती. तीसुद्धा शिक्षकाचा हात धरून, तोंडात हवेची नळी धरून. मी अकरा वर्षांच्या मुलीला त्याहून खोल, एका श्वासात, एका सकाळी चार वेळा पाठवले होते.

स्वयंपाकाच्या बाई साडेबाराला भाजी-भाकरी करून गेल्या. मी अर्धी भाकरी खाल्ली.

दुपारी मेहरूण तलावावर गेलो. नाक दाबून फुंकर मारायची म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगण्याआधी स्वतः करून पाहणे आवश्यक होते. काठावरच्या बाकावर बसलो, नाक चिमटीत धरले, तोंड मिटले आणि हळू फुंकर मारली. दोन्ही कानांत बारीक टक् असा आवाज झाला. पुन्हा केले. पाचव्या वेळी शेजारी टोपली घेऊन बसलेली बोरे विकणारी बाई बोलली.

"आबा, पाण्याला एवढा वास येतोय का?"

"नाही."

"मग मघापासून नाक धरून बसलात. मला वाटलं, माझी बोरं नासली."

"कानासाठी करतो आहे."

"कान दुखतोय? घरी कोणी तेल घालणारं नाही का?"

मी पावशेर बोरे घेतली. तिने वर चार जास्त टाकली आणि म्हणाली, "नाक सोडून खा." तलावाला पाणी बरे होते. तळ दिसत नव्हता. बोरे गोड होती. मी सहा खाल्ली, उरलेली रुमालात बांधली.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. उतरवताना तिच्यापुढे ठेवलेली प्रवासाची पिशवी खाली पडली, ती तशीच खुर्चीवर ठेवली. पेटीत सेवापुस्तकाच्या प्रतीखाली ती चिठ्ठी होती. कागद पिवळा पडला आहे, शाई नीट आहे. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र. कान कोरडा ठेवावा. पोहणे बंद. त्याखाली कारण लिहिले होते, कारण डॉक्टरांना मी खरे सांगितले होते: विहिरीत खोल बुडी.

पत्रकातला प्रश्न असा होता: कानाचा पडदा फाटणे, कानाची शस्त्रक्रिया किंवा ऐकण्याचा त्रास पूर्वी कधी झाला आहे काय? होय असल्यास उतरण्यापूर्वी डॉक्टरचे प्रमाणपत्र आणावे.

"नाही" लिहिले तर प्रश्न तेथेच संपत होता. तिने सर्दी म्हणून विचारले होते, मी सर्दी म्हणून सांगितले असते, ती बारा मीटर खाली गेली असती. आणि कान ठणकू लागला की तळ जवळ आला, असे तिने समजले असते. तिला ते मीच शिकवले होते.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मी तिला फोन केला. मी सहसा करीत नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"वाचून झालं. लिहून घे. तीन नंबर बाद. विमानाच्या आधी अठरा तास हवेत, ते साडेसोळा देत आहेत. मैत्रिणींनाही सांग."

"बरं."

"एक नंबर घे. शुक्रवारी सकाळी. त्यानंतर कान पूर्ण चांगला असेल तर त्याच दिवशी दुपारी दुसरं काही बघ. पण शनिवारी पाण्यात उतरायचं नाही."

"म्हणजे किनाऱ्यावरचं? ते लहान मुलांसाठी आहे, नाना. सहा मीटर."

"विहीर सव्वासात मीटर होती," मी म्हणालो.

मी वहीत लिहून ठेवले होते त्याप्रमाणे पुढे वाचले. "कानाच्या प्रश्नापुढे 'होय' लिही. सर्दी नव्हती. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. चौथ्या बुडीत. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे आहे. मी घरात सर्दी सांगितलं."

फोन कापला गेला असे वाटून मी पडद्याकडे पाहिले. चालू होता.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"ती शेवटपर्यंत म्हणायची, मी तुला गार पाण्याने न्हाऊ घातलं."

"हो."

"दवाखान्यातसुद्धा म्हणाली होती, नाना. तुम्ही तिथेच बसला होतात."

"बसलो होतो," मी म्हणालो.

वहीत याच्यापुढचे काही लिहिलेले नव्हते. मग जे उरले होते ते सांगितले. "श्वास धरायचा नाही. मी शिकवलं ते सगळं उलट आहे. श्वास चालू ठेवायचा. कान दुखला की थांबायचं आणि वर यायचं. तळ आला असं समजायचं नाही. मी शिकवलेलं पाण्यात न्यायचं नाही."

"लिहून घेतलं," ती म्हणाली. आवाज कचेरीतला होता. "मंगळवारी कानाच्या डॉक्टरला दाखवते. चिठ्ठी पाठवा."

"मूळ कागद घेऊन मी येतो. उद्या रात्रीची गाडी आहे."

"नको. फोटो पुरेल."

"बरं."

ती ठेवेल असे वाटले. तिने ठेवला नाही. "नाना, या वेळी माती आणायची नाही ना वर?"

त्यात थट्टा किती आणि बाकीचे किती, हे मला ओळखता आले नाही.

"नाही," मी म्हणालो. "काही आणू नको. नुसती वर ये."

तिने ठेवला. पावणेसहा झाले होते. चिठ्ठी खिडकीपाशी उजेडात धरून तिचा फोटो काढला. पहिला हलला, दुसरा नीट आला, तो पाठवला. सहाला सात मिनिटे असताना तिचा निरोप आला: "एक नंबर कळवला. होय लिहिलं."

चिठ्ठी पेटीत सेवापुस्तकाच्या वर ठेवली, खाली नाही. पेटी माळ्यावर चढवली. खुर्चीवरची पिशवी झटकून पुन्हा पेटीपुढे ठेवली. रुमालातली बोरे धुऊन वाटीत काढली आणि वाटीवर झाकण घातले.