मेंढरू अंग झाडतं तेव्हा

तो छापील निबंध हाती आला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सरांचा राग येतो आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

एकाहत्तर साली मी संगमनेरला जुन्या भाषांवर संशोधन करत होतो. मुलाण्याचा मुलगा संस्कृत शिकतो याचंच लोकांना कोण नवल! त्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी मला लुवियन दिली. तुर्कस्तानातली, तीन हजार वर्षांपूर्वीची मेलेली भाषा. मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवलेली. तिच्यातलं एक क्रियापद आमच्याकडच्या मजकुरात फक्त दोनदा येत होतं. दोन्हीकडे प्रसंग एकच. मेंढरावर पाणी ओता, मेंढरू 'ते' करील, मग कापा. 'ते' केलं नाही तर पुन्हा पाणी ओता. कोशात अर्थापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. सर म्हणाले, "भीतीने थरथरणं. उघड आहे." मी बैलासारखा आठ महिने त्या थरथरीला पुरावे शोधत बसलो.

उन्हाळ्यात घोडेगावजवळ आमच्या गावी गेलो. गावच्या देवापुढचं बकरं अब्बाच कापत. मुलाण्याचा मानच तो. जेवताना सहज त्यांना त्या पाटीवरचा मजकूर सांगितला. त्यांनी हातातला घासही थांबवला नाही.

"थरथरतंय कशाला? भ्यालेलं बकरू अंग चोरतं. पानी घातल्यावर अंग झाडलं, की देवानं घेतलं म्हनायचं. न्हाई झाडलं तर परत पानी. तवर सुरीला हात लावायचा न्हाई."

मी उष्ट्या हाताने वही ओढली. खरंच की! नुसतं भिववायला कोण पुन्हा पुन्हा पाणी ओतेल? ते लोक कौलाची वाट बघत होते. आठ महिने घरचं सोडून मी जर्मन कोश चाळत होतो!

निबंध लिहिला आणि तळटीप दिली: हा अर्थ माझ्या वडिलांनी सांगितला. ती एक ओळ नीट बसावी म्हणून मी पूर्ण निबंध दोनदा स्वच्छ अक्षरात उतरवला होता. सरांना अर्थ पटला, ते खूषही झाले. मग लाल पेन्सिल घेऊन त्यांनी नेमकी तीच ओळ खोडली.

"कसायाच्या तोंडी साक्षीवर शास्त्र उभं राहत नाही. प्रत्यक्ष निरीक्षण केलं, असं लिही."

कसाई! गावाने मान दिलेला माझा बाप याच्या लेखी कसाई. तिथेच कागद फाडून तोंडावर फेकायला हवे होते. पण प्रबंधावर सही त्यांची लागणार होती. मी त्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं.

निबंध छापून आल्यावर अब्बांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावत ऐकला.

"आन हे कुनी सांगितलं म्हनून लिवलंय?"

"मी स्वतः पाहिलं, असं लिहिलंय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले.

"तू? पानी घातलं की कान झाकून घराकडं पळायचास की रं."