ग्वारीघाटची उडी

माझ्या बाबांनी एका हिंदी सिनेमात हिरोईनची साडी नेसून नर्मदेत उडी मारली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहितानाही मागे वळून कोणी वाचत तर नाही ना, ते पाहून घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी. सिविल लाइंसच्या ऑफिसात अठरा माणसांवर खेकसते. आणि बापाच्या सहा सेकंदांना घाबरते.

बाबा म्हणजे चंद्रशेखर गावंडे. मूळचे अचलपूरकडचे, पण विशीत जबलपूरला आले आणि फॅक्टरीत खराद मशीनवर, म्हणजे लेथवर, चौतीस वर्षं उभे राहिले. अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. शौक म्हणाल तर एकच, पोहण्याचा. रविवारी पहाटे सायकलनं ग्वारीघाटला जायचे, नर्मदा आरपार पोहायचे आणि आईसाठी घाटावरची झेंडूची फुलं घेऊन घरी यायचे. नावाडी त्यांना नावानं ओळखायचे, आणि याचा त्यांना फॅक्टरीतल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान होता.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात घाटावर शूटिंग चालू होतं. हिरोईन नावेतून पाण्यात उडी टाकते असा प्रसंग. हिरोईनला पोहता येत नव्हतं. तिच्या जागी उडी मारायला मुंबईहून एक मुलगी आणली होती, पण तिला ताप भरलेला. ती पायरीवर घोंगडी पांघरून कुडकुडत बसली होती आणि युनिटचा एक माणूस तिला उठ, उठ म्हणून ओरडत होता. नावाड्यांना विचारून झालं. साडी नेसायची म्हटल्यावर ते हसत हसत बाजूला झाले. बाबा नुकतेच पोहून वर आले होते. त्यांनी ती मुलगी पाहिली आणि म्हणाले, मी मारतो. अंगकाठी हिरोईनसारखीच. अडचण फक्त मिशीची होती.

बाबांनी पिंपळाखालच्या न्हाव्याकडून मिशी उतरवून घेतली.

आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप जिवंत असताना उतरवत नाहीत. हे कोणी शिकवत नाही, प्रत्येकाला ठाऊकच असतं. बाबांनाही ठाऊक होतं. पण समोर तापानं फणफणलेली मुलगी होती, पाणी बर्फासारखं होतं, आणि बाबांनी विचार केला नाही. आयुष्यात विचार न करता त्यांनी केलेली ती एकच गोष्ट. माझे आजोबा, रामराव, तेव्हा आमच्याच घरी असत. दुपारी बाबा ओल्या केसांनी दारात उभे राहिले. आजोबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी मेलो काय रे?"

त्यानंतर ते बाबांशी बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये गेले. दम्यानं गेले, आणि तो दमा वीस वर्षांचा जुना होता. पण तेराव्याला काकांनी भरल्या पंगतीत म्हटलं, "यानं तर आधीच उतरवून ठेवली होती." बाबा वाढत होते. हातात वरणाचं भांडं होतं. ते तसेच पुढच्या पानाकडे सरकले.

मी तेव्हा तेरा वर्षांची. राइट टाउनच्या माझ्या शाळेत तोवर सगळ्यांना कळलं होतं. मुलं मला "हिरोईन की बेटी" म्हणत आणि मी बाकावर डोकं टेकून सुट्टी संपायची वाट बघत बसे. युनिटमधल्या कोणीतरी एक फोटो पोस्टानं पाठवला होता. हिरव्या साडीतले बाबा, केसांचा टोप हातात, शेजारी ती तापातली मुलगी, दोघंही हसताहेत. बाबांनी तो कपाटात कागदाखाली जपून ठेवला होता. मी तो काढला, चार तुकडे केले आणि घरामागच्या नालीत टाकले. बाबांनी मला टाकताना पाहिलं. मी रडून ओरडले की आता हे कोणाला सांगायचं नाही, कधीच नाही. ते म्हणाले, "नाही सांगत, बेटा."

आणि पस्तीस वर्षं नाही सांगितलं. तो सिनेमा टीव्हीवर लागला, की उडी यायच्या आधी ते पाणी प्यायला उठून जात. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, माझी मुलगी स्वानंदी हिला तर नव्हतंच. आई, राधाबाई, नऊ वर्षांपूर्वी गेली आणि तिच्याबरोबर घरातला शेवटचा साक्षीदारही. उरले ते आम्ही दोघं. मिशी मात्र आजोबांच्या तेराव्यानंतर बाबांनी पुन्हा वाढवली ती कायमची.

गेल्या डिसेंबरात स्वानंदीचं जमायच्या बेतात होतं. नागपूरचं स्थळ. मुलगा गौतम आणि त्याची आई सत्यभामाबाई दोन दिवसांसाठी आले होते. बाई चांगली, तोंडानं गोड, पण घरी पाऊल टाकल्याबरोबर तिनं आमचं देवघर, माझी जोडवी आणि बाबांच्या कपाळाचं गंध इतक्या गोष्टी टिपून घेतल्या होत्या. पाहुण्यांना जबलपूर दाखवायचं म्हणून स्वानंदीनं एक फिल्मी सैर बुक केली. चिराग नावाचा एक गाईड आहे, तो लोकांना पायी फिरवून शहरात कुठे कुठे शूटिंग झालं ते दाखवतो. त्याने मोबाईलवर यादी पाठवली होती. शेवटचं ठिकाण होतं ग्वारीघाट, आणि पुढे लिहिलं होतं, वो मशहूर छलांग.

बाबांनी ती यादी दोनदा वाचली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "प्रणोती, तिथं मी सांगू काय?"

काय सांगू, असं मी विचारलं नाही. मी पोळी लाटत होते. म्हटलं, "सांगा की बाबा. आता कोणाला काय पडलंय." मी हे मनापासून म्हटलं होतं. निदान तेवढं तरी माझ्या नावावर असू द्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण सिविल लाइंसच्या त्या लांबलचक रस्त्यावर आम्हा सगळ्यांच्या दोन पावलं पुढे. चिरागच्या एका हातात टॅब, खांद्याला छोटा स्पीकर. एका बंगल्याच्या बंद फाटकापाशी त्याने आम्हाला हिरोचं घर दाखवलं, राइट टाउनच्या एका बोळात हिरोच्या स्कूटरचा पाठलाग दाखवला. आमच्याबरोबर भोपाळचं एक जोडपंही होतं, ते प्रत्येक फाटकापुढे फोटो काढत होतं. बाबांचं कशातच लक्ष नव्हतं. मध्येच त्यांनी मला विचारलं, "ऑटो केव्हा करून राहिले घाटावर जायले?" लग्नघरी निघालेल्या लहान पोरासारखा तो आवाज होता आणि मला हसू आलं.

घाटावर पाचच्या सुमाराला पोचलो. हिवाळ्यातले पांढरे पक्षी पाण्यावर आले होते आणि लोक नावेतून त्यांना शेव टाकत होते. चिरागने आम्हाला पायरीवर बसवलं आणि टॅबवर तो तुकडा लावला. हिरवी साडी, पाठमोरी बाई, नाव हलते, उडी, पाणी. सहा सेकंद.

"ये छलांग हिरोईन ने खुद लगाई थी," चिराग म्हणाला. "कोई डुप्लीकेट नहीं. दिसंबर का पानी, और पहले ही टेक में ओके."

भोपाळच्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मी मान हलवली होती, हे मी विसरू शकत नाही.

"बेटा, वो छलांग मैंने लगाई थी," बाबा म्हणाले.

सगळे हसले, बाबाही हसले, आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. साडी पायांत अडकू नये म्हणून आतून कशी शिवली होती. ती मुलगी कशी कुडकुडत होती, आणि नंतर तिनंच आपली घोंगडी बाबांच्या अंगावर कशी टाकली. न्हावी कुठे बसायचा, ते त्यांनी हात लांब करून दाखवलं. दोन मिनिटांत ते इतकं बोलले जितकं माझ्या लग्नात बोलले नव्हते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. स्वानंदी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"मिशी उतरवली होती तुम्ही?" सत्यभामाबाईंनी मराठीत विचारलं.

"हो ना. पाच मिनिटांत."

"तेव्हा तुमचे वडील होते ना हो?"

बाबा थांबले. खोटं बोलता आलं असतं, पण तो त्यांचा धंदा नव्हे. "होते," ते म्हणाले.

"अच्छा," सत्यभामाबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि गौतमकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. तेराव्याच्या पंगतीत चाळीस माणसांनी तसंच पाहिलं होतं.

चिरागला यातलं काही कळलं नाही. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "अंकल जी, कोई फोटो-वोटो है क्या उस दिन का?"

"था. दीमक खा गई," बाबा म्हणाले. वाळवीचं नाव घेतलं, माझ्याकडे न बघता. मग सत्यभामाबाईंकडे वळून म्हणाले, "पण माझ्या मुलीनं पाहिला आहे. विचारा हिले. सांग ना, प्रणोती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. हो. लग्न मोडलं नसतं, मला आजही तसंच वाटतं. कोणाचं लग्न मोडतं आजकाल मिशीवरून? पण तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची नव्हतेच. मी चिरागकडे बघून हसले आणि म्हटलं, "आजकल पापा को ऐसा होता है. उमर हो गई है ना." आणि सत्यभामाबाईंना मराठीत म्हटलं, "वडील असताना बाबांनी मिशी कधीच काढली नाही हो. टीव्हीवर पाहिलेलं मनात घेऊन बसतात."

किती सहज आलं ते तोंडातून. जणू मी आठवडाभर पाठ करत होते.

सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. चिराग एका फुलवाल्याकडून स्टूल घेऊन आला आणि बाबांना त्यावर बसवलं. भोपाळच्या बाईनं पाण्याची बाटली दिली. सत्यभामाबाईंच्या कपाळावरची आठी गेली आणि त्या मला हळू आवाजात नागपूरच्या एका डॉक्टरांबद्दल सांगू लागल्या, त्यांच्या दिराला फार गुण आला म्हणे. बाबा पाण्याकडे बघत बसले. मग चिरागला म्हणाले, "माफ करना बेटा. आप आगे बताओ."

परत निघताना स्वानंदीनं त्यांचा दंड धरला आणि एकेक पायरी मोजत वर नेलं. ही नदी जो माणूस दर रविवारी आरपार करत होता, तो त्या घाटाच्या पायऱ्या नातीच्या आधारानं चढला. हात सोडवून घेतला नाही.

स्थळ पक्कं झालं. सत्यभामाबाईंचा दर आठवड्याला फोन येतो, आणि पहिला प्रश्न असतो, "बाबांच्या गोळ्या सुरू केल्या काय?" स्वानंदीनं आजोबांच्या खिशात नाव, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. त्यांनी गॅस पेटवायचा नाही, एकट्यानं घाटावर जायचं नाही. माझा नवरा त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला. बाबा सगळ्याला हो म्हणत. एकदा मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." तर म्हणाले, "काहून? पाहुणे खूश होऊन गेले ना?" टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यात टोमणा नव्हता.

तीन आठवडे मी हे सोसलं. मग एका रविवारी, जेवणं चालू असताना, माझ्यानं राहवलं नाही. मी स्वानंदीला सगळं सांगितलं. ताप आलेली मुलगी, मिशी, माझ्या आजोबांचा प्रश्न, पंगत, मी फाडलेला फोटो. घाटावर मी खोटं बोलले ते. बोलताना घास हातातच राहिला होता आणि मी रडत होते. म्हटलं, तुझ्या आजोबांना काहीही झालेलं नाही, मी त्यांना सगळ्यांसमोर वेडं ठरवलं, स्वतःच्या भीतीपायी. सत्यभामाबाईंना मी आज फोन करून सांगणार आहे.

स्वानंदी थक्क झाली. ती बाबांकडे वळली. "आजोबा, सच में? ते तुम्हीच होता?"

बाबा भात कालवत होते. त्यांनी बोटं पुसली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता त्यात, मी शोधला.

"नाही गं," ते म्हणाले. "मी कुठचा उड्या मारणारा? मी खराद मशीनवर होतो." मग स्वानंदीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आई लग्नाच्या कामानं थकून राहिली. तिले जरा झोपू दे."

मी म्हटलं, बाबा, सांगा ना तिला. दोनदा म्हटलं. ते भात जेवत राहिले.

स्वानंदीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला. ती उठली, माझ्या पुढचं ताट उचललं, आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "मम्मी, चलो, थोडा आराम कर."