लोणीआत्याची फुगडी

लोणीआत्या पोलकं उलटं घालायची. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू आत. लग्न होऊन बांद्याला गेली तरी तिने ही रीत सोडली नाही. कोणी हसलंच तर म्हणायची, "शिवण बघणाऱ्याक बोचांदे, माका कित्याक?" आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने स्वतःच हसायची.

तिची कातडी होतीच तशी. जरा घासलं की फोड, आणि फोड फुटला की साल निघालीच. म्हणून ती लोणीआत्या. हा आमच्या घराण्याचा वारसा. आजोबांकडून तो आत्याकडे आला, थोडासा माझ्या बाबांकडे आणि माझ्याकडे मात्र भरभरून. जमिनीची वाटणी करताना एवढं औदार्य आमच्या घरात कोणी दाखवल्याचं ऐकिवात नाही.

विहिरीवर एखादी बाई तिचे हात बघून आपली कळशी मागे ओढायची. आत्या रागवायची नाही. "गो, ह्या लागणारा आसता तर पयला माझ्या सासूक लागला असता!" ती बाई हसून बेजार व्हायची आणि कळशी पुन्हा पुढे यायची.

उन्हाळ्यात तिचे तळवे फोडांनी भरत. बाबा मुंबईहून तिला पायमोजे पाठवायचे. तेही उलटे करून, वर वहाणा चढवून माहेरपणाला आलेली आत्या कट्टा गावच्या बाजाराला निघायची. पोरं ओरडायची, "मडमीण इली, मडमीण!" आत्या मान ताठ करून म्हणायची, "मगे सलाम करा रे!" आणि पोरं खरोखरच सलाम ठोकायची.

आई मात्र माझ्या कातडीला फार भ्यायची. मला उचलायची तीही बोटांच्या टोकांनी. चतुर्थीत शेजारच्या मुली आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फुगड्या घालायच्या तेव्हा मी दाराआड बसून गाणी ऐकायची. मला फुगडी घालायची होती. त्या वयात दुसरं काही मागावंसं वाटतच नव्हतं.

एका चतुर्थीला आत्या आली आणि तिने मला थेट दाराआडून बाहेर ओढलं. आई आडवी आली. "वन्सं, नको हां. चेडवाची साला निघतली."

"वयनी, साल गेली तर परत येतली. ह्या वय परत येवचा नाय."

तिने केळीचं पान विस्तवावर धरून मऊ केलं, माझ्या मनगटांना गुंडाळलं, वरून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. स्वतःलाही तसंच. मी घाबरत घाबरत तिची मनगटं हलकेच धरली, तशी ती ओरडलीच. "घट्ट धर गो! सैल धरलंस तर हात घसरता, आणि घसरलो की सोलवटता. दाबल्यान काय एक होवचा नाय."

आजवर सगळे आम्हाला हलक्या हाताने धरत आले होते, आणि चुकत होते ते तिथेच.

आम्ही गरगरलो. खळं, तुळस, माड, आईचा घाबरा चेहरा, सगळं फिरलं. दुसऱ्या दिवशी दोघींच्या पायांच्या तळव्यांना टम्म फोड. सुई दिव्यावर तापवून आम्ही ओटीवर एकमेकींचे फोड फोडत बसलो. "बघूया, मोठो कोणाचो?" आत्या म्हणाली. माझाच निघाला! शाळेतल्या पहिल्या नंबराचाही मला एवढा अभिमान वाटला नाही. आई दारातून आमच्याकडे बघत होती.

पुढे आत्याच्या नवऱ्याला मुंबईत नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. पावसाळ्यात बोटी बंद, आणि एसटीच्या बाकावर घासत इतक्या लांब येणं तिच्या कातडीला झेपणारं नव्हतं. पुढची चतुर्थी तिच्याविनाच आली. खळ्यात फुगड्या सुरू झाल्या. मला तिची इतकी आठवण येत होती की मी आपण होऊन दाराआड जाऊन बसले.

तेवढ्यात आई आली. तिने पदर खोचला होता.

"ऊठ गो. फुगडी काय तुझ्या आत्येकच येता?"

पान, चिंधी, सगळं तिनेच बांधलं. मग माझी मनगटं पकडली. माझ्या जन्मापासून आईने मला इतकं घट्ट कधीच धरलं नव्हतं.