निळा अंगठा

"माझं पुस्तक या गावात पायदळी पडलेलं कुणी दाखवावं, मी दाढी उतरवीन," असं लुओ पाद्रीबाबा एकदा चीनमधल्या यूयाओ गावच्या भर बाजारात म्हणाला होता.

मूळचा तो स्कॉटलंडचा लॉरीमर. आला तेव्हा दाढी लाल होती, आता मिठासारखी झाली होती. मधल्या काळात त्याने चिनी पंडितांचे ग्रंथ पालथे घातले, दिव्याच्या काजळीत डोळे घालवले आणि दोघांना बाप्तिस्मा दिला. त्यातला एक त्याचाच स्वयंपाकी. "दुसरा बहिरा होता," तो स्वतःच सांगे, "म्हणून माझं प्रवचन त्याला बाधलं नाही."

सगळी भिस्त बाजारात फुकट वाटलेल्या पुस्तकावर. घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परततो ती गोष्ट, आणि तिच्यामागे पूर्वजपूजेचं लांबलचक खंडन. दुसऱ्या छपाईसाठी पुस्तक घेऊन उद्या नाव निंगबोच्या छापखान्याकडे निघायची होती. त्याला भाषा शिकवणारे शिए मास्तर मात्र एकच धोशा लावून बसले होते.

"पाद्रीबाबा, मुलगा घरी आला की थांबा. पुढचं काढा."

"पुढचं म्हणजेच तर माझी विद्वत्ता, मास्तर!"

"म्हणूनच म्हणतो."

"अहो, लोक घरी नेतात ते! बाजार उठल्यावर रस्त्यावर एक पान दिसत नाही."

मास्तरांनी चहाची वाटी खाली ठेवली. "चला. कुठे जातात ती पानं, बघा तरी."

विद्येच्या देवाच्या देवळामागे विटांची भट्टी होती. लिहिलेला कागद कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून म्हातारा फान टोपली घेऊन गल्ल्या फिरे आणि जमेल ते इथे हात जोडून जाळी. राख नदीला. लॉरीमरला हे चांगलं ठाऊक होतं, त्याने त्यावर निबंधही लिहिला होता. त्या राखेत आपणही असू, एवढंच निबंधात नव्हतं.

"या, या!" फान लगबगीने उठला. "तुमच्याइतका कागद गावात कुणी दिला नाही. देवळाची मंडळी तुमच्या नावाची पाटी लावणार आहेत."

"वाचलंत का त्यातलं काही, फानकाका?"

"मला कुठलं वाचायला येतंय! अक्षराचा मान राखावा, अर्थाचं ज्याचं तो बघेल. पण तुमचा कागद जाड हो. झकास पेटतो."

लॉरीमर हसला. "इतक्या आदराने मला घरच्यांनीही जाळलं नसतं."

त्याने टोपलीत हात घातला. पुस्तकं कोरी करकरीत, न उघडलेली. एकच तेवढं फुगलेलं. पानाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा होता. रंगाऱ्यांच्या आळीतल्या कुणाचा तरी. मुलगा घर सोडतो तिथे निळा. डुकरं राखतो तिथे निळा. म्हातारा बाप धावत सुटतो त्या पानावर तर निळं पार फरकटलेलं, कागदही ओला होऊन सुकल्यासारखा. पुढे खंडन. पहिल्या पानावर अर्धा अंगठा, मग धुतलेल्या तांदळासारखी पांढरी पानं, शेवटपर्यंत.

"ते राहिलं वाटतं. द्या, टाकतो," फानने दोन्ही हात पुढे केले.

मास्तर भट्टीकडे बघत राहिले.

लॉरीमरने पुस्तकाची शिवण उसवली. पांढरी पानं नीट जुळवून, कमरेत वाकून, फानच्या हातांवर ठेवली. निळी तेवढी उद्याच्या नावेसाठी झग्याच्या बाहीत सरकवली आणि तो बाहेर पडला.