पत्रातलं राहिलेलं नाव

सोनपेठच्या स्टँडवर अण्णांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून धोतराला हात पुसले. आईचं एकच पालुपद चाललं होतं, "लय वाचत बसू नको, डोळे जातील." तिच्या मागं शांता उभी होती. माझ्याच वर्गातली, वेशीबाहेरच्या बौद्धवस्तीतल्या किसनमामांची मुलगी. मराठीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण कॉलेजला मी निघाले होते. "पुढल्या साली मी येते. तवर खोलीत माझी जागा धरून ठिव," ती म्हणाली. मी मान डोलावली. औरंगाबाद येईस्तोवर रडत होते, हे आज सांगायला हरकत नाही.

कॉलेजात पहिलंच उत्तर मी गाइडमधलं लिहिलं, स्वल्पविरामासकट पाठ. आमच्या शाळेत त्यालाच हुशारी म्हणत. मराठीच्या बाईंनी वही परत दिली. "हे गाइडनं लिहिलंय. तू कधी लिहिणार?" मग त्यांनी आम्हाला नवी सवय लावली. वाचताना हातात पेन्सिल आणि समासात प्रश्न: हे कोण सांगतंय, काय सांगायचं टाळतंय? लिहिताना पुस्तक बंद. लिहून झालं की आपल्याच मजकुराशी भांडायचं. सुरुवातीला मला बाईंचा भयंकर राग यायचा. पुढं चटक लागली. भेळीचा कागदसुद्धा मी पेन्सिल घेऊन वाचू लागले. शांताला हे कधी एकदा दाखवते असं झालं होतं.

कॉलेजच्या त्या पहिल्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कॉलेज बंद, एसटी बंद. बऱ्याच दिवसांनी अण्णांचं पत्र आलं. "इकडील सर्व कुशल आहे. मूग बरा आहे. काळजी नसावी." पत्राच्या शेवटी नमस्कार सांगणाऱ्यांची नावं लिहायची अण्णांची रीत होती, घरागणिक, कुणालाही न वगळता. नाव राहिलं तर माणसं रुसत. शांताचं नाव त्यात ठरलेलं असे. या खेपेला ते नव्हतं. पेन्सिल हातात होतीच. समासात मी लिहिलं, "शांता?"

दिवाळीला घरी गेले. शांताच्या घराच्या काळ्या पडलेल्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

"गेले ते लोक. कुठं गेले, म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले.

"त्या दिवशी तुमी कुठं होता, अण्णा?"

"घरात. कडी लावून." मग म्हणाले, "हेच शिकवायलेत का तिकडं?"

अण्णांवर माझा फार जीव होता, आणि त्या दिवाळीत मला त्यांच्या शेजारी बसून जेवता आलं नाही.

पुढं मी पुण्यात शिकवायला लागले. पहिल्या वर्षाच्या पोरांना पेन्सिल घेऊन वाचायला लावते. ती वैतागतात, वैतागू देत. इथं तसं सगळं मिळतं. पण कुणी आमच्या मराठवाड्यासारखं 'करायलाय, जायलाय' असं बोलताना कानावर पडलं की मी त्या माणसाला उगाच थांबवून ठेवते. गाव विचारते. पाऊसपाणी विचारते. मग हळूच शांताचं नाव काढते. अजून कुणी तिला ओळखत नाही.

ठरावानंतर सोळा वर्षांनी नामांतर झालं, त्या महिन्यात अण्णांचं पत्र आलं. त्यात मूग नव्हता, पाऊस नव्हता, नमस्कारही नव्हते. "तू एकदा विचारलं होतंस. त्या दिवशी किसननं आपलं दार वाजवलं होतं. शांता सोबत होती. तुझ्या आईला हाका मारत होती. मी उघडलं नाही."

हे पहिलंच पत्र मी पेन्सिल खाली ठेवून वाचलं.

शांते, तू कुठं आहेस मला ठाऊक नाही. घराची ओढ मला अजून तशीच आहे, खोटं कशाला बोलू. फक्त आता डोळे मिटले की मी घरात नसते. बंद दाराबाहेर, ओट्यावर तुझ्याशेजारी उभी असते, आणि आतून अण्णांच्या खोकल्याचा आवाज येत असतो.