शिंगाड्याच्या पानावरची चार अंडी

तुमसरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढते. नाकाडोंगरीच्या बाजूच्या एका तलावावर मासेमारी करणारे एक काका मला बरीच वर्षं ओळखतात. श्रावणात त्यांचा फोन आला, "मॅडम, तो लांब शेपटीवाला पक्षी शिंगाड्याच्या पानावर बसून राहिला. चार अंडे आहेत."

तो कमळपक्षी होता. यांच्यात अंडी नर उबवतो, मादी घालून निघून जाते. हे मी वाचलं होतं, पण घरटं कधी पाहिलं नव्हतं. रविवार उजाडेपर्यंत मला धीर नव्हता.

रविवारी सकाळी काकांनी डोंगा, म्हणजे त्यांची छोटी होडी, वेलींतून हळूहळू नेला आणि बऱ्याच अंतरावर बांबू रोवून थांबवला. मी धान भरून शिवलेली पिशवी डोंग्याच्या काठावर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली. पंखांचा पांढरा रंग फटफटीत होऊ नये म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवलं. फोटो आले, बरे आले. पण पक्षी चौकटीत लहान दिसत होता आणि त्याच्या डोक्यामागे बरोबर विजेचा खांब येत होता. थोडं पुढे, थोडं डावीकडे गेलो तर मागे नुसतं हिरवं पाणी मिळेल, असं वाटलं.

"काका, अजून जरा जवळ."

"काहून? दिसून तर राहिला."

"दोनच हात."

त्यांनी बांबू उचलला. दोन हातांचे दहा हात झाले ते माझ्याच सांगण्यावरून. मी पोटावर पडून लेन्स पाण्याला लागेल इतकी खाली आणली. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस जुळला, चौकट हवी तशी बसली, आणि तेवढ्यात डोंग्याच्या हलण्याने पानं डचमळली. पक्षी ओरडत उडाला. अंडी उघडी पडली. तपकिरी, चकचकीत चार अंडी. त्यातलं एक घरंगळून पानाच्या कडेशी, अर्धं पाण्यात.

डोंगा सरकत घरट्याच्या पानांना लागला होता. मी हात पुढे केला.

"हात लावू नोका!" काकांना एवढ्या जोरात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मागं चला. आपण हटल्याबिगर तो येत नाही."

आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आलो. ढग फाटून ऊन पडलं होतं, श्रावणातलं चटका देणारं. मी लेन्समधून घरट्याकडे पाहत होते. शटरवरचं बोट मात्र काढून घेतलं होतं. पक्षी लांबच्या पानांवर उगाच चोच मारत फिरत होता. घरट्याकडे दोनदा निघाला, दोनदा परत फिरला. वर एक घार आली. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, चारच मिनिटं झाली होती.

"नाही आला तर?"

"येईन तो."

"ऊन किती आहे, काका."

"मले दिसते ना ऊन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता की काळजी, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

अर्ध्या तासाने तो आला. कडेचं अंडं त्याने चोचीने आत ओढलं, पंख किंचित पसरले आणि बसला. मी लेन्सवर झाकण घातलं. काकांनी फक्त तंबाखू मळली.

पुढे रोज शाळेत जायच्या आधी मी त्यांना फोन करायचे. "आहे," एवढंच ते सांगत. गुरुवारी म्हणाले, "आज घरटं खाली आहे, मॅडम. अंडे नाही, पक्षी नाही." त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर थेट तलाव गाठला. पाळीवरून पान न् पान शोधलं. कडेच्या कमळांत तो बसलेला दिसला. अंडी त्याने तिकडे हलवली होती. तो उठेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. उठला तेव्हा मोजली. तीन.

"चौथं माझ्यामुळे गेलं का, काका?"

काका म्हणाले, "कावळे आहेत, साप आहेत. कोनाले मालूम?" मग म्हणाले, "पन त्या दिवशी मीनंच नाही म्हणायले पायजे होतं."

ते स्वतःवर घेत होते, हे मला जास्त लागलं. डोंगा जवळ न्यायला त्यांना मीच भाग पाडलं होतं. तसं म्हटलं, तर ते जाळं सोडवायला बसले.

भादव्यात त्यांनी मला पाळीवर बोलावलं. दोन पिल्लं पानांवरून बापामागे पळत होती, पाय शरीराला न शोभणारे, लांबलचक. तिसरं असेल म्हणून मी दुपारपर्यंत थांबले. काका मधेच जेवायला घरी जाऊन आले, माझ्यासाठी भाकर आणि चटणी घेऊन आले. आम्ही दोघांनी पाण्याकडे बघत ती खाल्ली.

तिसरं दिसलं नाही.