एक रुपयाही घेतला नाही

आई न्हाणीत पडली आणि तिचा खुबा मोडला. वय पंचाहत्तर. जामखेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, नगरला न्या. मी घाबरले नाही. मी गावची आशा सेविका. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांची सरकारी विम्याची कार्डं दारोदार फिरून मीच काढून दिलेली. आईचं तर सगळ्यात आधी. "आता कुठलंबी ऑपरेशन फुकट," असं ऐटीत सांगत फिरले होते. कसलं डोंबलाचं फुकट!

नगरच्या त्या खासगी दवाखान्यात कार्ड घेतलं, आईचा अंगठा घेतला, फोटो काढला. ऑपरेशनचे पैसे सरकार त्यांना देणार, आपल्याकडून काही घ्यायचं नाही, असा नियम. मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"योजनेत बसतो तो खुब्याचा कृत्रिम गोळा हलका असतो. दोन वर्षांनी परत उघडावं लागेल. चांगला टाकायचा तर वरचे चाळीस हजार. आईच आहे तुमची, बघा."

आईच आहे तुमची! हे वाक्य रोज किती जणांना ऐकवत असतील? मला नियम तोंडपाठ होता, तरी मी मान डोलावली. आई आत कण्हत होती. तिच्या पाचही शेळ्या विकल्या. वडील गेल्यापासून त्या शेळ्यांवर ती कुणापुढं हात न पसरता जगत होती. पावती मागितली तर काउंटरवरचा माणूस नुसता हसला.

खरी कमाल दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी झाली. योजनेच्या टेबलावरची मुलगी मोबाईल घेऊन आईच्या खाटेपाशी आली. घरी जाताना प्रत्येक पेशंटचा व्हिडिओ काढायची त्यांची रीतच होती. "आजी, उपचार कसे झाले, सांगा."

आईनं पदर सावरला, हात जोडले. "लई चांगलं केलं समद्यांनी. चाळीस हजार घेतले, पर हाड बसवलं. देव तुमचं भलं करो." तिच्या मते हे कौतुकच होतं.

मुलीनं व्हिडिओ पुसला. "आजी, पैशांचं बोलायचं नाही. एक रुपयाही घेतला नाही, असं म्हणायचं."

"पर घेतले की गं बाई! माज्या शेळ्या गेल्या न्हवं?"

पुन्हा पुसला आणि मोबाईल परत चालू करून आईपुढं धरला. सुट्टीचा कागद त्या मुलीच्या हातात होता आणि ती तो देईना. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. पंधरा दिवसांनी टाके काढायला इथंच यायचं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती आग मी काढली कुणावर? आईवर.

"आई, बोल ना ते सांगतात तसं! एवढं काय अवघड हाय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग मोबाईलकडं बघून सांगितलं तसं बोलली.

टाके निघाले त्याच आठवड्यात मी जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार दिली. आई रोज विचारायची, "माज्या शेळ्यांचे पैशे येतील का गं?" मी म्हणायचे, येणार म्हणजे येणार, सोडते का मी त्यांना!

सुनावणीला बोलावलं. साहेब माणूस बरा होता, अर्ज नीट वाचला. मग त्यानं दवाखान्यानं पाठवलेला व्हिडिओ लावला. मोबाईल माझ्याकडं फिरवला. खाटेवर आई, तोंड उतरलेलं, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथं मी उभी होते तिथं. ती बोलायच्या आधी एक दुसराच आवाज आला, खणखणीत, ओरडल्यासारखा.

"आई, बोल ना ते सांगतात तसं!"

आणि मग आई. "एक रुपयाबी घेतला न्हाई."

"हा पहिला आवाज कुणाचा, बाई?" साहेबांनी विचारलं.

"माझाच," मी म्हणाले.